तडकलेली नळी प्रयोगशाळेत नेण्याआधी

यावल तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यात मी बांधावर उकिडवी बसले होते आणि नाना माझ्या हातात एकेक तुकडा देत होते. ठिबकची 16 मिलिमीटरची नळी, आमच्याच कारखान्यातली, टाकून जेमतेम 14 महिने झालेले. बोटांत धरून वाकवली की तुराटीसारखी कट्कन मोडायची. नाना एवढंच म्हणाले, "ताई, पोरीच्या लग्नाला ठेवलेल्या पैशातून टाकली होती ही." आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्याचा गुणवत्ता विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक मदतनीस मुलगा, मेल्ट फ्लोचं (वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं ते मोजणारं) मशीन, वजनकाटा आणि पाण्याच्या दाबाची चाचणी. नळीच्या भिंतीत नेमकं काय काय मिसळलंय हे सांगणारं यंत्र आमच्याकडे नाही, आजूबाजूच्या बहुतेक लहान कारखान्यांकडेही नसतं. ती यंत्रं विद्यापीठांत, राष्ट्रीय प्रयोगशाळांत आणि तंत्रज्ञान हस्तांतरण केंद्रांत असतात. फी भरली की तिथे उद्योगांनाही दार उघडं असतं. पण तिथे काय घेऊन जायचं, काय विचारायचं, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. मी दोन फेऱ्यांत शिकले. पहिल्या फेरीत पैसे गेले, दीड महिना गेला आणि मी एका शेतकऱ्यावर अन्याय केला. ते इथे सविस्तर सांगते, म्हणजे तुमची पहिली फेरी वाचेल.

पहिल्या वेळी मी तडकलेल्या नळीचा एक वीतभर तुकडा कुरिअरनं पाठवला आणि फॉर्मवर लिहिलं, "संपूर्ण विश्लेषण करून मिळावे." 22 पानांचा अहवाल आला. आलेख, तक्ते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो. चूक एकाही पानात नव्हती, पण मी काही विचारलंच नव्हतं तर उत्तर कुठून येणार? एका तक्त्यात कॅल्शियम दिसलं. मी त्याला घट्ट धरलं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, नळीत आतून पांढरा थर बसतोच. मी नानांना फोन करून सांगून टाकलं, "नाना, तुमच्या पाण्याचा क्षार आहे हा." ते माझं वाक्य चुकीचं होतं. का चुकीचं, ते पुढे येईलच.

आधी प्रश्न, मग तुकडा

"नळी का तडकली?" हा आपला प्रश्न असतो, यंत्राचा नसतो. यंत्राला विचारता येतो तो प्रश्न असा: "चांगल्या नळीत आणि तडकलेल्या नळीत कार्बन ब्लॅकचं, म्हणजे नळीला काळी करणाऱ्या काजळाचं, प्रमाण वेगळं आहे का?" किंवा "या एलएलडीपीईत (नळीच्या मूळ प्लॅस्टिकमध्ये, हे पॉलिइथिलीनच) पॉलिप्रॉपिलीन हे दुसरं प्लॅस्टिक मिसळलंय का?" अशा प्रश्नाचं उत्तर हो, नाही किंवा एका आकड्यात येतं. कागद घ्या, शंका लिहून काढा. तीन पुरे. ज्या शंकेचं उत्तर आपल्याच शेडमध्ये मिळतं ती खोडा. मी तुकड्यांवर दातांच्या खुणा आहेत का ते आधी बघितलं, कारण खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतातच. भिंतीची जाडी मायक्रोमीटरनं मोजली. मेल्ट फ्लो घेतला. नानांना विचारलं की ड्रिपर मोकळे करायला ॲसिड किती वेळा सोडलं, कोणतं सोडलं. हे सगळं निस्तरल्यावर माझ्या कागदावर तीन शंका उरल्या: काळं मास्टरबॅच (प्लॅस्टिकमध्ये मिसळायचे, काजळ ठासून भरलेले दाणे), भेसळीचा दाणा, म्हणजे कच्चं प्लॅस्टिकच भेसळीचं असणं, आणि अँटिऑक्सिडंट, म्हणजे प्लॅस्टिक हवेनं सडू नये म्हणून घालतात ते रसायन, कमी पडणं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खराब तुकड्यासोबत चांगला तुकडा न्याच. नुसत्या खराब तुकड्याचा आकडा हवेत लटकतो. कार्बन ब्लॅक 0.9 टक्के म्हणजे कमी की जास्त, हे शेजारी 2.4 उभा राहिल्याशिवाय अंगाला लागत नाही. मी दुसऱ्या वेळी पाच पुड्या नेल्या. नानांच्या मळ्यातली मोडकी नळी. त्याच गावात तीन वर्षांपूर्वी टाकलेली, अजून मऊ असलेली आमचीच नळी. मूळ दाणा. त्या महिन्यात वापरलेलं मास्टरबॅच, जे सुदैवानं गोणीच्या तळाशी ओंजळभर उरलं होतं. आणि ज्या लॉटची नळी तडकली त्याच लॉटची, उन्हात न गेलेली नळी. ही शेवटची मिळाली ती आमच्या अमळनेरच्या ऑपरेटरमुळे. स्टोअरच्या मागे सावलीत पडलेलं अर्धं बंडल ओढत आणलं आणि छपाई दाखवत म्हणाला, "ताई, हाऊ पाइप त्याच लॉटना शे." त्या दिवसापासून प्रत्येक शिफ्टची हातभर नळी आणि प्रत्येक गोणीतलं मूठभर मास्टरबॅच आम्ही तारीख टाकून जपतो. तुम्हीही आजपासून सुरू करा. पुढे कधी भांडण उभं राहिलं तर हीच साक्ष.

तुकडा घेताना घाई करू नका. शेतातून काढलेली नळी धुऊ नका, थिनरनं तर मुळीच पुसू नका. माती, खताचा पांढरा थर, सगळं असू द्या, हवं ते तिथले लोक काढतील. मोडलेल्या दोन कडा "बसतात का बघू" म्हणून एकमेकींवर दाबू नका. तडा कुठून सुरू झाला हे त्या कडांवर कोरलेलं असतं आणि दाबलं की ते पुसतं. उन्हाकडची बाजू कुठली ते कळायला टोकाला खाच करा. मार्करनं मधोमध लिहू नका, चिकटपट्टी लावू नका. शाई आणि डिंक दोन्ही इन्फ्रारेडच्या आलेखात उमटतात आणि मग नसलेलं रसायन शोधत बसावं लागतं. प्रत्येक तुकडा वेगळ्या कोऱ्या पिशवीत घाला, आणि नाव पिशवीवर लिहा.

नाव म्हणजे सांकेतिक नाव. मी पुड्यांवर क-1 ते क-6 एवढंच लिहिलं. सहा, कारण चांगल्या नळीचे दोन तुकडे मी दोन वेगळ्या नावांनी दिले होते. दोन्हींचे आकडे जुळले तर मोजमापावर विसंबता येतं. पुरवठादाराचं नाव मी कुठेच लिहिलं नाही. तपासणाऱ्याच्या मनात आधीच एखाद्याचं नाव भरवणं बरं नाही, आणि तपासाआधी कोणाची बदनामी होणं त्याहून बरं नाही.

जायचं कुठे

आधी जवळ विचारा. गिरणेकाठी आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 पासून आहे, तिथे रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. कोणतं यंत्र आहे, सध्या चालू आहे का, बाहेरचे नमुने घेतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारायला अर्धा दिवस लागतो. प्लॅस्टिकसाठी छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात सिपेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. अजिंठ्याचा घाट चढून सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथे असतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईत पवईला आयआयटीतली सैफ. सैफ म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर उभी राहिलेली प्रगत यंत्रांची सोय. देशात अशी आणखीही केंद्रं आहेत. आणि घरबसल्या शोधायचं तर आय-स्टेम नावाचं राष्ट्रीय पोर्टल जानेवारी 2020 मध्ये सुरू झालं. सरकारी पैशातून घेतलेलं कोणतं यंत्र कोणत्या संस्थेत आहे ते तिथे सापडतं आणि वेळही नोंदवता येते.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण यात बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. तुम्हाला गिऱ्हाइकाला, टेंडरला किंवा कोर्टाला कागद दाखवायचा असेल तर एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा लागते. ती मान्यता अख्ख्या इमारतीला नसते, एकेका चाचणीला असते. त्यामुळे "एनएबीएल आहे का?" एवढंच विचारू नका. "कार्बन ब्लॅकची चाचणी तुमच्या मान्यतेच्या यादीत आहे का?" असं विचारा. पण तुम्हाला कागद नको, कारण हवं असेल, तर संशोधनाचं किंवा तंत्रज्ञान हस्तांतरणाचं केंद्र बरं. तिथे आकड्यासोबत तुमच्याशी बोलणारा माणूस मिळतो. मी नेहमी यंत्राच्या वेळेबरोबर त्या माणसाचा एक तास मागते आणि त्याचे पैसे वेगळे लागले तरी देते.

पत्र लांबलचक नको. मी लिहिलेलं साधारण असं होतं:

"आमची 16 मिमी एलएलडीपीई नळी शेतात 14 महिन्यांत ठिसूळ झाली. त्याच गावातील आमची आधीची नळी 3 वर्षांनंतरही मऊ आहे. सोबत 6 नमुने. प्रश्न तीन: कार्बन ब्लॅक आणि फिलरचे (भर म्हणून घातलेल्या भुकटीचे) प्रमाण किती? दुसरे पॉलिमर मिसळले आहे का? ऑक्सिडेशन इंडक्शन टाइम किती? पाणी बोअरचे व जड आहे, नळीच्या आतील बाजूस क्षार असू शकतो. नमुने नष्ट झाले तरी चालतील, मात्र प्रत्येकाचा अर्धा भाग राखून ठेवावा."

उद्योगांचा दर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असतो, वर 18 टक्के जीएसटी धरा, पैसे बहुतेक ठिकाणी आगाऊ. गोपनीयतेचा करार हवा असेल तर नमुना देण्याआधी बोला. आलेखाच्या पीडीएफबरोबर मूळ आकड्यांची फाइलही मागून घ्या, वर्षभरानं दुसरा नमुना त्याच आलेखावर ठेवून बघायला ती लागते.

कोणतं यंत्र काय सांगतं

आमच्या प्रकरणात खरं काम टीजीएनं केलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त सांगते. टीजीए म्हणजे भट्टीत टांगलेला अतिशय नाजूक तराजू. साधारण 10 मिलिग्रॅम नमुना, म्हणजे साखरेच्या काही कणांएवढा, छोट्या पॅनमध्ये ठेवतात आणि तापवत जातात. वजन कसं उतरतं त्याची रेषा पडद्यावर सरकत राहते. दुसऱ्या फेरीत मी ज्या केंद्रात गेले तिथल्या मॅडमनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. आधी नायट्रोजन सोडतात, म्हणजे काही पेटत नाही. 400 च्या पुढे रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली आली. पॉलिइथिलीन तुटून वायू होऊन गेलं. 500 नंतर सपाट. मग 600 अंशांवर मॅडमनी नायट्रोजन बंद करून हवा सोडली. त्याबरोबर रेषेनं अजून एक छोटी पायरी उतरली. इतका वेळ ऑक्सिजन नव्हता म्हणून टिकून राहिलेलं कार्बन ब्लॅक आता जळलं. त्या पायरीची उंची म्हणजेच कार्बन ब्लॅक.

तीन वर्षं टिकलेल्या नळीत ती पायरी 2.4 टक्क्यांची होती. पाण्यासाठीच्या एचडीपीई पाइपांच्या आयएस 4984 मानकात 2.5 टक्के, अर्धा टक्का इकडे-तिकडे, असं प्रमाण आहे आणि ठिबकलाही आम्ही तेच धरतो. हे काजळ उन्हातली अतिनील किरणं स्वतः शोषून घेतं, म्हणून नळी वाचते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला जातो, तिथे यात कसूर चालत नाही. नानांच्या नळीत पायरी आली 0.9 टक्क्यांची. आणि डोळ्यांना दोन्ही नळ्या सारख्याच काळ्या कुळकुळीत दिसत होत्या!

मी उठायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "थांबा, संपलेलं नाही." तापमान वाढत राहिलं आणि 650 च्या पुढे नानांच्या नळीची रेषा पुन्हा एकदा उतरली, 1.1 टक्का. चांगल्या नळीत तिथे काहीच नव्हतं. मॅडमनी कागदावर हिशेब मांडला. चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, या तापमानाला कार्बन डायऑक्साइड सोडते आणि आपल्या वजनाच्या 44 टक्के गमावते. 1.1 भागिले 0.44, म्हणजे 2.5 टक्के चुनखडी. उरायला हवी 1.4 टक्के राख. पॅनमध्ये उरली होती 1.4. हिशेब असा बसला की माझ्या अंगावर काटा आला.

मग मास्टरबॅचचाच नमुना भट्टीत गेला. पिशवीवर कार्बन ब्लॅक 40 टक्के छापलेलं. निघालं 15. चुनखडी 42. आम्ही दाण्यात 6 टक्के मास्टरबॅच टाकतो. 6 ला 40 टक्क्यांनी गुणलं की 2.4 येतात, 15 नं गुणलं की 0.9. दोन्ही नळ्यांची गोष्ट एका गुणाकारात मिळाली. तो पुरवठादार कोण हे इथे लिहिण्याची गरज नाही. पोतं बदललं, दर किलोमागे थोडा उतरला, आणि आत काय आहे ते आम्ही कधीच बघितलं नाही, ही आमचीही चूक आहे.

बाकीची यंत्रं थोडक्यात. एफटीआयआर इन्फ्रारेडनं रसायनाची ओळख पटवतं आणि आलेखात 1715 (प्रति सेंटिमीटर) च्या आसपास कार्बोनिलचं शिखर वाढलेलं दिसलं तर ऊन-हवेनं प्लॅस्टिक सडतंय असं समजायचं. नमुना ज्यावर दाबून ठेवतात तो नेहमीचा हिऱ्याचा स्फटिक काळ्या नळीला नीट चालत नाही, काजळच किरणं खाऊन टाकतं. जर्मेनियमचा स्फटिक आहे का ते आधीच विचारा. डीएससी वितळण्याचा बिंदू दाखवतं. पॉलिइथिलीनच्या शिखराशिवाय 160 अंशांजवळ दुसरा उंचवटा आला तर दाण्यात पॉलिप्रॉपिलीन घुसलंय. त्याच यंत्रावर 200 अंशांना ऑक्सिजन सोडून नमुना किती मिनिटं तग धरतो ते बघतात, हाच पत्रातला ऑक्सिडेशन इंडक्शन टाइम, आणि त्यावरून अँटिऑक्सिडंट कळतं. क्ष-किरण विवर्तन, म्हणजे एक्सआरडी, फिलर कॅल्साइट (चुनखडी) आहे की टाल्क हे सांगतं. आमची ती वेळच आली नाही.

आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून बघण्याआधी त्यावर सोन्याचा नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ थर चढवतात. जळगावच्या माणसाला सोनं परकं नाही, पण तडकलेल्या नळीच्या तुकड्यावर सोन्याचा मुलामा चढताना बघून मला भरून आलं होतं, खरंच. या सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं ईडीएस कुठलं मूलद्रव्य आहे ते दाखवतं, पण पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनपर्यंतचंच. माझी पहिली चूक इथेच होती. पहिल्या वेळी नळीचा आतला पृष्ठभाग तपासला गेला होता. तिथे बोअरच्या पाण्याचा क्षार असणारच, त्यातलं कॅल्शियम दिसणारच. दुसऱ्या वेळी त्यांनी तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांत बुडवून मोडला आणि भिंतीच्या मधल्या जाडीत बघितलं. जिथे पाणी कधी पोचलंच नाही तिथेही कॅल्शियमचे पांढरे कण विखुरलेले होते. म्हणून ठिबकवाल्यांना, पाइपवाल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: ईडीएस करून घ्याल तर छेदाचं करून घ्या आणि पाणी कसलं आहे ते पत्रात लिहा.

दुसऱ्या दिवशी मी यावलला गेले, फोन केला नाही. आलेख काढून नानांना दाखवला आणि दोष तुमच्या पाण्याचा नव्हता, आमच्या मालाचा होता, असं तोंडावर सांगितलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला, घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवला. आमच्या कारखान्याच्या मालकांनी केळीच्या कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, लागवडीआधी सगळ्या नळ्या बदलून दिल्या.

केंद्रातून निघताना मॅडमनी जे दिलं ते मला अहवालापेक्षा मोठं वाटतं. म्हणाल्या, "दर गोणीला इथे यायची गरज नाही, तुमच्याच शेडमध्ये होईल." पद्धत अशी. लहान मफल फर्नेस, म्हणजे विजेची बंद भट्टी, चिनीमातीची मूस आणि मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा एवढं हवं. रिकामी मूस भट्टीत तापवून, गार करून तोला. तिच्यात 1 ग्रॅम मास्टरबॅच घ्या. आधी हळूहळू तापवा, धूर पूर्ण जाऊ द्या. हे एक्झॉस्टखाली किंवा मोकळ्या हवेत करा, बंद खोलीत नको. मग 550 अंशांवर काळं पूर्ण जाईपर्यंत ठेवा, आम्हाला दीड-दोन तास लागतात. दार अधूनमधून किलकिलं करा, आत हवा गेली नाही तर काजळ जळत नाही. 600 च्या वर नेऊ नका, चुनखडी फुटायला लागली की आकडा चुकतो. बाहेर काढून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, गार करा आणि पुन्हा तोला.

चांगल्या मास्टरबॅचची मूस जवळपास रिकामी दिसते. त्या जुन्या गोणीतलं उरलेलं आम्ही पहिल्याच दिवशी जाळून बघितलं. तळाशी पांढरीशुभ्र राख होती, 0.42 ग्रॅम. ती मूस मी धुतली नाही. झाकण लावून, तारीख टाकून, माल उतरवून घेतात त्या टेबलावर ठेवली आहे. नवीन पुरवठादार आला की आधी त्याच्या पोत्यातलं 1 ग्रॅम तिच्या शेजारच्या मुशीत जातं.